फुजी दिसला नाही त्या तीन दिवसांबद्दल

पुणे, १४ फेब्रुवारी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, एप्रिलमध्ये अप्पा आणि सासूबाई येतायत. बाकी सगळं दाखवीन, पण फुजीला न्यायचा धीर होत नाही. तुमच्या वेळेसारखं झालं तर?" तेवढ्यात इकडे दारावर कुणी आलं आणि बोलणं तिथंच राहिलं. पण "तुमच्या वेळेसारखं" हे शब्द रात्रभर डोक्यात घोळत होते. आठ महिने तू हे मनात धरून बसली आहेस हे मला माहीतच नव्हतं. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

त्या रविवारी फुजीच्या पायथ्याशी कावागुचिको स्टेशनबाहेर तू छत्री धरून उभी होतीस, ते अजून डोळ्यांसमोर आहे. डोंगर असायला हवा तिथे नुसतं राखाडी आभाळ. तू मोबाइलवर आदल्या महिन्यातले फोटो काढून आईला दाखवत होतीस, "इथे असतो गं, बरोबर इथे," आणि तुझा चेहरा उतरला होता. जून म्हणजे तिथला पावसाळा, हे तू आधीच सांगितलं होतंस. तुझ्याकडून काहीच चुकलं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीने तू आणि जावईबापू तोक्योला परत गेलात आणि आम्ही मागे राहिलो. मंगळवारी रात्री दार उघडल्या उघडल्या तू विचारलंस, "दिसला का?" आई म्हणाली, "नाही गं." तू पुढे काही विचारलं नाहीस आणि तू दमलेली दिसलीस म्हणून आम्हीही सांगितलं नाही. ती चूक माझी. ते दिवस माझ्या आयुष्यातल्या फार भरलेल्या दिवसांपैकी होते.

बत्तीस वर्षं मी भूजल सर्वेक्षणात काढली. खटाव, माण, पुरंदर. उन्हाळ्यात टँकरच्या मागे फिरायचं आणि पाणी कुठे लागेल ते गावाला सांगायचं. त्या नोकरीने डोळ्यांना एक वळण लावलं: डोंगर शिखराकडून नाही, पायथ्याकडून बघायचा. वर पडलेलं पाणी कुठे मुरतं, कोणत्या थरावर अडतं आणि कुठे बाहेर येतं, तो खरा डोंगर. आणि मनू, त्या दृष्टीने फुजीसारखा डोंगर मी जन्मात पाहिला नाही.

आपला सह्याद्रीही बेसाल्टच, पण साडेसहा कोटी वर्षांचा, झिजलेला, भेगा बुजलेला. फुजीची आजची माथ्यापर्यंतची घडण गेल्या काही हजार वर्षांतली. शेवटचा उद्रेक १७०७ सालचा. इकडे औरंगजेब गेला, शाहू महाराज सुटले, त्याच वर्षाच्या शेवटी तिकडे फुजीची राख एदोवर, म्हणजे तुझ्या तोक्योवर पडत होती. म्हणून तो कातळ अजून ताजा आहे, भोकाभोकांचा, आपल्याकडच्या मांजऱ्या खडकापेक्षाही पोकळ. रविवारी आपण बसने पाचव्या टप्प्यावर, २३०५ मीटरवर गेलो होतो ना? तू म्हणत होतीस, "बाबा, आत चला, भिजताय." मी पायाखाली बघत होतो. पाऊस धो धो पडत होता आणि त्या तांबड्या-काळ्या खडीवर एक डबकं नव्हतं. मी एक खडा उचलला, बिस्किटासारखा हलका, सगळा जाळीदार. तिथून दगड न्यायला मनाई आहे, परत ठेवला. ३७७६ मीटरचा डोंगर, वर्षातले कित्येक महिने बर्फ अंगावर, आणि उतारांवरून वाहणारी बारमाही नदी एकही नाही. सगळं पाणी डोंगर पिऊन टाकतो. मग ते जातं कुठे? पुढचे दोन दिवस आम्ही त्याच्याच मागे होतो.

खरं तर त्याचा पहिला पत्ता आपल्याला रविवारीच ओशिनोला लागला होता, फक्त गर्दीत समजला नाही. ओशिनो हाक्काइ म्हणजे आठ तळी. वितळलेलं बर्फ लाव्हातून गाळत गाळत कित्येक वर्षांनी तिथे वर येतं. पूर्वी फुजीचे वारकरी, ज्यांना फुजी-को म्हणायचे, ते चढण्याआधी या आठही तळ्यांवर स्नान करत जायचे. पण तू आईचे फोटो काढलेस ते मधलं मोठं, निळं, खोल तळं त्या आठांतलं नव्हेच! ते नाका-इके, माणसाने केलेलं. खरं पाणी बघायचं तर शेजारच्या वाकु-इकेच्या कडेला उभं राहायचं आणि तळाच्या वाळूकडे बघत राहायचं. आणि देगुची-इके जरा बाजूला आहे, चालावं लागतं, म्हणून तिथे कुणी फिरकत नाही. विहीणबाईंना तिथे ने. चार माणसं नसतील आणि त्यांना देवळाबाहेरच्या तळ्याशी बसल्यासारखं वाटेल.

सोमवारी आम्ही हिरव्या बसने आओकिगाहारात गेलो. (तिथल्या गोल फिरणाऱ्या बसना रंगांची नावं आहेत: लाल कावागुचिको तलावाभोवती, हिरवी साइको तलावाकडे, निळी मोतोसुको तलावाकडे. आईने हे पाच मिनिटांत पाठ केलं.) त्या वनाबद्दल लोक नाही नाही ते बोलतात. मी पाहिलं ते सांगतो. इ. स. ८६४ मध्ये फुजीच्या वायव्य अंगाला लाव्हा फुटला, खाली उतरून सेनोउमी नावाच्या मोठ्या तलावात शिरला आणि तलावाचा बराचसा भाग बुजला. जे दोन तुकडे उरले ते आजचे साइको आणि शोजिको. मधल्या लाव्हावर जे रान उगवलं ते आओकिगाहारा. अकराशे वर्षं होऊन गेली तरी माती वीतभरसुद्धा नाही. मुळं खाली जाऊच शकत नाहीत, म्हणून ती शेवाळलेल्या कातळावरून सापांसारखी आडवी धावतात. आई एका झाडाजवळ थांबली, मुळावर हात ठेवला आणि म्हणाली, "किती कष्टाने उभं आहे हो हे."

आणि एक गोष्ट ऐक, मला ती वाचल्यापासून चैन नव्हतं. साइको, शोजिको आणि मोतोसुको हे तीन वेगळे तलाव, पण तिघांची पाणीपातळी एकच, साधारण ९०० मीटर. एकाचं पाणी वर-खाली झालं की बाकीच्यांचंही होतं. खटावला दोन भावांच्या विहिरींवरून तंटा व्हायचा. एकाने पंप लावला की दुसऱ्याची विहीर उतरायची आणि मी सांगायचो, बाबांनो, खाली झरा एकच आहे. तेच इथे, तलावांच्या मापाचं. तू दिलेली जुनी हजार येनची नोट माझ्या डायरीत आहे, तिच्या मागच्या बाजूला हाच मोतोसुको आहे. फुजीभोवतीच्या पाच तलावांतला सगळ्यांत खोल, १२१ मीटर.

तिथे लाव्हाच्या दोन गुहा आहेत. नारुसावाच्या बर्फाच्या गुहेत मी एकटाच गेलो. एके ठिकाणी छत ९१ सेंटिमीटरवर येतं, अक्षरशः बसून सरकावं लागतं, पायऱ्याही निसरड्या. विहीणबाईंना तिथे मुळीच नेऊ नकोस. फुगाकू वाऱ्याची गुहा मात्र सोपी, सपाट, आई आरामात फिरली. आत बारा महिने तीन अंशांच्या आसपास. बाहेर जूनचा दमट उकाडा आणि आत शिरताच तोंडातून वाफ! पूर्वी तिथे रेशमाच्या किड्यांची अंडी आणि झाडांचं बियाणं ठेवायचे, निसर्गाचं शीतगृहच. मी टाळी वाजवली, तर आवाज घुमलाच नाही. तो जाळीदार कातळ आवाजही पितो.

तिथून जवळच साइकोच्या काठी नेनबा गाव आहे. १९६६ च्या वादळात दरड आणि चिखलाखाली ते गाव गेलं. २००६ मध्ये त्याच जागी शाकारलेली घरं पुन्हा उभी केली, आता त्याला इयाशी-नो-सातो म्हणतात. घरांच्या वरच्या मजल्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. पाऊस होता म्हणून आम्ही एका पडवीत तासभर बसलो आणि आईने फोनवर आपल्याकडच्या, दरडीखाली गेलेल्या माळीण गावाचे जुने फोटो शोधून काढले. आम्ही दोघंही बोललो नाही फारसं.

दुपारी 'होतो' नावाचा तिथला पदार्थ खाल्ला. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्शात जाड, चपट्या पट्ट्या आणि लाल भोपळ्याच्या फोडी. पहिला घास घेऊन आई म्हणाली, "अहो, ह्या तर चकोल्या!" खरंच तसंच लागतं, डाळीऐवजी मिसो. पण रस्सा बहुतेक ठिकाणी सुक्या मासळीवर केलेला असतो, हे विहीणबाईंसाठी आधी विचारून घे. सरळ दशम्या आणि दाण्याची चटणी बरोबर ठेवलेली बरी.

आता मंगळवार. मनू, हा दिवस मला तुला हाताला धरून दाखवायचा होता.

कावागुचिकोहून शिन-फुजीकडे जाणारी एक बस आहे, दिवसाला थोड्याच फेऱ्या, वेळापत्रक बघूनच निघ. डोंगराला पश्चिमेकडून वळसा घालून ती शिराइतो धबधब्यापाशी येते. खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. आई कठडा धरून, थांबत थांबत उतरली. आणि खाली पोचल्यावर आम्ही दोघं गप्प झालो. २० मीटर उंच, १५० मीटर रुंद, धनुष्यासारखा वळलेला कडा. धबधबा म्हटलं की आपण माथ्यावरून पडणारं पाणी समजतो. थोडं पाणी वरून येतंही. पण बाकी सगळं कड्याच्या मधूनच फुटतं, शेकडो बारीक धारांनी, जणू दगडातून पांढरे दोरे सोडलेत. शिराइतो म्हणजे पांढरा दोराच. आई म्हणाली, "दगडाला पाझर फुटतो म्हणतात तो हा."

मी मात्र एक रेघ बघत होतो. वरचा थर नव्या फुजीचा लाव्हा, भेगाळलेला, पाणी सोडणारा. खालचा थर जुन्या फुजीच्या चिखल-राखेचा, घट्ट, पाणी न सोडणारा. फुजीच्या पोटात असे जुने डोंगर दडलेले आहेत, एकावर एक. वरून मुरत आलेलं पाणी खालच्या थरावर अडतं आणि कड्याशी आलं की त्या सांध्यातून बाहेर पडतं. आपल्याकडे दोन लाव्हांच्या मधे गेरूचा लाल थर असतो, त्यावर असंच पाणी अडतं. डोंगरात टाक्यापाशी, झऱ्यापाशी ती रेघ शोधण्यात माझी उमर गेली. दुष्काळात त्या रेघेवर कधी मनगटाएवढी धार मिळाली तर गावात पेढे वाटले जायचे. आणि इथे ती रेघ सरळ डोळ्यांसमोर, १५० मीटर लांब, अखंड वाहती. माझे डोळे भरून आले हे आईने तुला सांगितलं नसेल. आदल्या-आदल्या दिवशी आपल्या पायाखाली जिरलेल्या पावसाचं गूढ असं उकललं. फुजी ढगात होता, पण मला तो त्या क्षणी पूर्ण दिसला.

तिथून फुजिनोमियाला गेलो, सेंगेन देवीच्या मुख्य देवळात. देवी कोनोहानासाकुया-हिमे, फुलांची देवी, डोंगराची आग शांत राहावी म्हणून पुजलेली. आजचं देऊळ १६०४ मध्ये तोकुगावा इएयासूने बांधलं. आठव्या टप्प्याच्या वरचा बहुतेक डोंगर आजही या देवस्थानच्या मालकीचा आहे, कोर्टात लढून मिळवलेला. आणि देवी असूनही १८७२ पर्यंत बायकांना शिखर बंद होतं. हे कळल्यावर आई किती वेळ पुटपुटत होती! देवळाच्या अंगाला वाकुतामा तळं आहे. लाव्हाच्या टोकाखालून पाणी उसळतं, इतकं नितळ की तळाचं पाणगवत केसांसारखं हलताना दिसतं. यात्रेकरू इथे आधी शुद्ध होऊन मग चढायचे. आईने ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं, अगदी आळंदीला लावते तसं.

जवळच फुजीचं जागतिक वारसा केंद्र आहे, २०१७ चं, शिगेरू बान यांचं. लाकडी जाळीचा उलटा डोंगर, समोर पाणी. पाण्यात बघितलं की डोंगर सुलटा. आत उताराच्या गोल वाटेने चढत जाता येतं, पायऱ्यांची कटकट नाही. पाऊस आला तर अप्पांना घेऊन सरळ तिथे जा. परतताना शिन-फुजीला बुलेट ट्रेनपैकी फक्त कोदामा थांबते, हे लक्षात ठेव.

आता एप्रिलचं. मधल्या वारी जा आणि २९ एप्रिलच्या सुट्ट्या लागण्याआधी उरक. शिंजुकूहून थेट जाणाऱ्या 'फुजी काइयू' गाडीचं आरक्षण आधी कर. बसने गेलीस तर रविवारी संध्याकाळी महामार्गावर अडकशील. कावागुचिकोचा साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, तोक्योपेक्षा उशिरा येतो, तेव्हा तोक्योत गळला तरी तिकडे मिळेल. डोंगर बघायचा तर सकाळी लवकर, दुपारी ढग चढतात. चुरेइतो पॅगोडाच्या ३९८ पायऱ्या विहीणबाईंच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत. जावईबापूंना हाकोनेही त्याच दिवशी करायचं आहे म्हणालीस, नको. तो वेगळा डोंगर, त्याला वेगळा दिवस दे.

एक काम माझं कर. शिराइतोला गेलीस की खाली डाव्या किंवा उजव्या बाजूला उभी राहून कड्याचा जवळून फोटो काढ, पाणी जिथून फुटतं तो सांधा नीट दिसेल असा. माझ्या फोटोंत तुषारांमुळे तो पुसट आलाय. शिखराचा नाही पाठवलास तरी चालेल, हा मात्र विसरू नकोस.

आईने गोडा मसाला आणि चकल्या अप्पांबरोबर पाठवायला बांधून ठेवल्या आहेत. जावईबापूंना आशीर्वाद. थंडी अजून आहे, कान बांधत जा.

तुझे,
बाबा