बाबांची मर्सिडीज

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, काका विकतायत त्या जुन्या मर्सिडीज ई-क्लासचे फोटो पाहिले. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) एकाच दिवशी 150 मर्सिडीज आल्या होत्या, त्यांतलीच ही. तेव्हापासून ती तुमच्या मनात आहे, मला ठाऊक आहे. जन्मभर वाळूजच्या कारखान्यात पाळ्या केल्यात, आता हौस करायची नाही तर कधी? मर्सिडीज घ्याच. फक्त ही नको.

काका सात लाख म्हणतात. पण गाडी स्वस्त झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. हेडलाइट, स्टिअरिंग रॅक, एसीचा कंप्रेसर, गिअरबॉक्स, काहीही निघालं तरी बिल महागड्या गाडीचंच येणार. ‘कमी चाललीय’ हे खरं असेल, पण रबरी बुश, होज पाइप, इंजिन माउंटिंग वयानं जातात, गाडी उभी असली तरी. विमाही बघा. इतक्या जुन्या गाडीला झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही आणि साध्या पॉलिसीत दहा वर्षांपुढे पत्र्याच्या भागांवरही 50 टक्के घसारा कापतात. बॉनेट ठोकलं तर त्याची अर्धी किंमत आपल्या खिशातून. शिवाय 15 वर्षं झाल्यामुळे आरटीओत पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, आणि तेही पाच वर्षांपुरतंच. काकांनी ते केलंय का, आरसीवरची तारीख आधी बघा.

माझ्या डोळ्यांसमोर 2020 च्या आसपासची सी-क्लास आहे. तिला तिप्पट-चौपट पैसे लागतील, आणि पाच वर्षांनी विकताना त्यांतले बरेच गेलेले असतील. जुनीची किंमत आता फारशी उतरणार नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मोठं काम निघालं नाही तर हिशेबात तीच स्वस्त पडेल. पण ते निघणार की नाही, हे कोणताच मेकॅनिक छातीठोकपणे सांगणार नाही, आणि शिर्डीच्या रस्त्यावर गाडी बंद पडून आई उन्हात उभी आहे, हे मला नको आहे. वरचे पैसे दादा आणि मी घालतो. बाबा, यावर नाही म्हणू नका. पीएफला हात लावायचा नाही.

डिझेल मात्र घेऊ नका. तुमचं फिरणं मंडई, देऊळ आणि दवाखाना एवढंच. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, अशा छोट्या फेऱ्यांनी चोंदतो, त्यासाठी गाडी मधूनमधून हायवेवर पळवावी लागते. पेट्रोलच बरी. सर्व्हिस रेकॉर्ड मागा, टायरवरची तारीख वाचा, आणि व्यवहाराआधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासणी करून घ्या. थोडे पैसे जातील, जाऊ देत.

आई, फोनवर तू काहीच बोलली नाहीस. ट्रायलला तूही जा. मागच्या सीटवर बस आणि चढताना-उतरताना गुडघा दुखतो का ते सांग. सी-क्लास ई-क्लासपेक्षा लहान आहे, मागे पायाला जागा कमी. तुला अवघड वाटली, तर थोडं थांबून अलीकडच्या सालातली ई-क्लास शोधू.

तुमची,
ताई