आभासी जग दाखवण्यापेक्षा मुलांना रचू द्या

महोदय,

ग्रामीण भागातील जिल्हा परिषदेच्या शाळांत स्मार्ट टीव्ही आणि टॅब येऊन आता बरीच वर्षे झाली. हल्ली आभासी वास्तवाचे चष्मे (डोळ्यांवर लावले की संगणकाने रचलेले जग सभोवती दिसते असे) घ्यावेत, अशी चर्चा शिक्षकांच्या बैठकांतून कानावर येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आभासी प्रयोगशाळांचा उल्लेख असल्याने ही चर्चा अगदीच निराधार नाही. मात्र सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवणारा शिक्षक म्हणून माझे मत असे आहे की, मुलाने आभासी जग नुसते पाहिले तर त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. ते स्वतः रचले, मोडले आणि पुन्हा रचले, तरच शिकणे सुरू होते. आपली खरेदी मात्र पाहण्याच्याच साधनांची चालली आहे.

टीव्हीवरच्या चित्रफितीसमोर वर्ग शांत बसतो, म्हणून तो शिकतो आहे असे आपण समजतो. ज्या भागात गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसालाच प्रश्न विचारून बोलते करीत, त्या भागात मुलांना गप्प बसवणारी साधने आधुनिक ठरावीत, हे विचित्रच म्हणायचे.

याउलट नोबेल पुरस्कारप्राप्त भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, पाहावीत. त्यांतली बरीचशी मराठीत आहेत, विनामूल्य आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये दिवा न जोडता बॅटरीची दोन टोके तारेने थेट जोडली, तर पडद्यावर ज्वाळा दिसतात. ‘सर, पेटली ना जी बॅटरी!’ असा एकच गलका होतो आणि तार कुठे चुकली याचा शोध मुले स्वतःच घेऊ लागतात. त्यानंतर खरा सेल आणि खरी तार हातात द्यावीच लागते; पडदा हा त्याला पर्याय नव्हे.

‘लुआंटी’ हे ठोकळ्यांचे जग रचण्याचे मुक्त सॉफ्टवेअर (पूर्वीचे नाव ‘माइनटेस्ट’) जुन्या लॅपटॉपवरही चालते आणि शाळेतल्या शाळेत दोन-तीन यंत्रे जोडून मुलांना एकाच जगात काम करता येते. आमच्या मुलांनी त्यात गावचा नाला, त्यावरचा सिमेंट बंधारा आणि शिवारातल्या विहिरी उभारल्या. बंधारा वरच्या अंगाला हवा की खालच्या, यावरून दोन गटांत चांगलीच जुंपली. पण खरा धडा निघाला तो खेळाच्या उणिवेतून. या जगात उंचावर पाण्याचा एक ठोकळा ठेवला की त्यातून पाणी अखंड वाहत राहते, ते कधी आटत नाही. एका मुलीने विचारले, ‘मग आमची विहीर उन्हाळ्यात कशी काय आटते?’ त्या प्रश्नावरून पाऊस, मुरणे, उपसा आणि काळ्या पाषाणाखालची भेग इथपर्यंत चर्चा गेली. संगणकातले जग कुठे खरे आणि कुठे सोयीचे, हे ओळखता येणे मला त्या दिवशीच्या घटकाहून अधिक मोलाचे वाटते.

हीच गोष्ट बहुमाध्यमी मजकुराची. अक्षरांसोबत चित्र, ध्वनी आणि मांडणी वाचता-लिहिता येणे हीदेखील साक्षरताच आहे, असा विचार ‘न्यू लंडन ग्रुप’ या अभ्यासकांच्या गटाने १९९६ मध्ये मांडला होता. आमच्या मुलांनी लोणारवर असा मजकूर तयार केला. बेसॉल्ट खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराचे हाताने काढलेले छेदचित्र, २०२० मध्ये गुलाबी झालेल्या पाण्याविषयीची नोंद आणि शेजारी एका आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली लवणासुराची कथा, असे त्याचे स्वरूप होते. उल्केच्या आघाताची माहिती आणि आजीची कथा एकाच पानावर आल्याने ‘खरे काय’ हा प्रश्न आपोआप निघाला. अशाने लेखन मागे पडेल, ही भीती रास्त आहे. परंतु चित्राखालची एक ओळ नेमकी व्हावी म्हणून ती पुन्हा पुन्हा खोडणारी मुले मी निबंधाच्या तासाला क्वचितच पाहिली आहेत.

चष्म्यांविषयी माझी शंका खर्चापुरती नाही. एक मूल चष्मा लावते तेव्हा उरलेला वर्ग रांगेत उभा असतो. शिवाय शाळांना आभासी सहली घडवणारे ‘गूगल एक्सपिडिशन्स’ हे ॲप कंपनीने २०२१ मध्ये बंद केले. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या साधनावर वर्षभराचे नियोजन बेतावे का, याचा विचार व्हायला हवा.

तेव्हा शिक्षण विभागाने आधी भारनियमनातही टिकेल अशी विजेची सोय आणि चार मुलांमागे एक चालता लॅपटॉप द्यावा. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत माहिती वाचून दाखवण्याऐवजी शिक्षकांनाच एखादे छोटे जग रचायला बसवावे, कारण ज्याने स्वतः बंधारा बांधला नाही तो मुलांच्या भांडणात काय मध्यस्थी करणार? आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनात, ‘उपक्रम/कृती’ आणि ‘प्रकल्प’ ही साधने आधीपासूनच आहेत. मुलांनी रचलेले जग आणि ध्वनिमुद्रित मजकूर त्यांखाली ग्राह्य धरावेत, एवढे स्पष्ट लेखी निर्देश निघाले तरी अनेक शिक्षक निर्धास्तपणे हे काम हाती घेतील.

— एक प्राथमिक शिक्षक, ता. मेहकर, जि. बुलढाणा