नदीकाठची वाट पुरात बुडणार, हे धरूनच बांधा

महोदय,

पुण्यातल्या मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावर आपल्या दैनिकात सातत्याने बातम्या येतात. त्या वाचताना मला दक्षिण कोरियातल्या सोल शहरातली हान नदी आठवते. तिथे मुलीकडे गेले असताना या नदीच्या काठाने मी मनसोक्त सायकल चालवली. भाषा येत नव्हती, शहर ओळखीचे नव्हते. नदीची साथ सोडायची नाही एवढेच मनाशी ठरवले होते आणि तेवढे पुरले.

सायकल तिथल्या महापालिकेचीच. 'तारुंगी' ही सेवा २०१५ पासून चालू आहे. फोनवर कुलूप उघडायचे, एका थांब्यावरून सायकल घ्यायची आणि हव्या त्या थांब्यावर ठेवून द्यायची. नदीपर्यंत पोचणे मात्र सरळ नाही, कारण दोन्ही तीरांवर मोटारींचे द्रुतगती रस्ते आहेत. त्यांच्या खालून वस्तीतल्या माणसांसाठी ठिकठिकाणी लहान बोगदे काढले आहेत. पूर आला की त्यांना पोलादी दारे लावतात. एरवी बोगद्यातून बाहेर पडले की समोर नदीच.

नदीकाठच्या येओइदो भागातून बानपो भागाकडे जाताना सायकलमार्ग एकामागून एक पुलांखालून जात राहतो. सिग्नल नाही, मोटारींमधून रस्ता ओलांडणे नाही. पुलांच्या सावलीत म्हातारी माणसे निवांत बसलेली दिसतात. वाटेत पिण्याचे पाणी आणि स्वच्छ शौचालये आहेत. माझ्या वयाची बाई किती दूर जाईल हे पुष्कळदा यावरच ठरते, म्हणून मुद्दाम लिहिते.

बानपोला जामसू पूल लागला आणि मला आपला भिडे पूल आठवला. १९७६ साली बांधलेला जामसू पूल इतका ठेंगणा आहे की पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. पाणी साडेपाच मीटरला पोचले की पादचाऱ्यांना बंदी, ६.२ मीटरला मोटारींना बंदी आणि साडेसहा मीटरला पूल बुडतो. याचा कुणी बाऊ करत नाही. काठावरची उद्यानेही पुरात बुडतात. पाणी ओसरले की गाळ उपसतात, धुतात आणि वाट पुन्हा खुली करतात. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, हे पुणेकरांच्या अंगवळणी पडले आहे. मग नदीकाठची वाटही अशीच, वर्षातले काही दिवस नदीला परत देण्यासारखी का बांधू नये? भिंती आणि भराव घालून पात्र आवळले, तर ते पाणी कुणाच्या तरी घरात शिरणार. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत काय झाले ते आपण पाहिले आहे.

सोलचे सगळेच अनुकरणीय नाही. १९८० च्या दशकात त्यांनी हानचे काठ काँक्रीटने बांधून काढले, बंधारे घालून पाणी अडवले. आता बऱ्याच ठिकाणी तेच काँक्रीट काढून दगड-मातीचे काठ परत करत आहेत. ज्या चुकीवर ते आज पैसा खर्च करत आहेत, ती आपण नव्याने का करावी? काठावरची जुनी झाडे तोडून सायकलमार्ग झाला, तर एप्रिलच्या उन्हात त्यावर कोण जाणार?

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. हानला मिळणाऱ्या तानचॉन, आनयांगचॉन, जुंगनांगचॉन या लहान नद्यांच्या काठानेही सायकलमार्ग आहेत. घरातून निघून ओढ्याच्या काठाने थेट नदीवर जाता येते. मुसळधार पाऊस लागला की तिथे उतरण्याच्या वाटा बंद करतात. आपल्याकडे आंबिल ओढा आहे, रामनदी आहे. सप्टेंबर २०१९ च्या पुरानंतर आंबिल ओढ्याकडे सीमाभिंतींच्या पलीकडे जाऊन कुणी पाहिले आहे का? ओढ्याकाठी माणसांची रोजची ये-जा असती, तर त्यात राडारोडा टाकताना कुणीही दहादा विचार केला असता.

महापालिकेला माझी विनंती आहे. उरलेल्या टप्प्यांचे नकाशे प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात मराठीत लावावेत. कोणत्या पुलाखालून सायकल सलग जाईल, कोणत्या वस्तीतून उताराने नदीवर येता येईल आणि कोणती झाडे राहतील, हे त्यांवर स्पष्ट दाखवावे. लोकांच्या सूचना घेऊन मगच पुढच्या निविदा काढाव्यात.

आपली विश्वासू,
एक वाचक, सहकारनगर, पुणे