पुलर पाठव

येलदरी, रविवार

प्रिय दत्ता,

पत्र नाही म्हणून फुगून बसला असशील तर बस. होडीचं इंजिन बिघडलंय, आणि इथं कुणाला सांगावं तर विहिरीवरच्या पंपाच्या मिस्त्रीचा नंबर देतात. तब्येत बरी. आईचे गुडघे तसेच.

थंड असताना पहिल्या दोरीला सुरू होतंय. तापलं की एकाच सिलेंडरवर फडफडायलंय. सावलीत निवलं की पुन्हा शहाणं! परवा ऐन पाण्यात वारा सुटला आणि मामानं वल्हं मारत तुझा उद्धार केला. जुनं इंजिन घ्यायचं टुमणं तुझंच ना.

आता तू म्हणणार, पेट्रोल. अरे, कार्ब्युरेटर एकच आहे; पेट्रोल अडलं असतं तर दोन्ही सिलेंडर बसले असते. इथं वरचाच बसतोय. प्लग वर-खाली बदलून बघितले, तरी वरचाच. मग टिपाडात पाणी भरून चालवलं आणि फडफड सुरू झाल्याबरोबर बंद करून वरचा प्लग काढला, हेडला टेकवला, दोरी ओढली. ठिणगी पिवळी, मरतुकडी. निवल्यावर तीच निळी, कडक. धरणाखाली २२.५ मेगावॅटचं वीजघर, आणि आपल्या प्लगला ही भीक! स्टॉप बटणाची वायरही सोडवून बघितली. तसं ते बटण मारलं तर दोघांना मारतंय, एकट्या वरच्याला कशाला मारेल?

राहिलं आपलं जुनं भांडण. तुझं म्हणणं, करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट घास, बाकी सगळं थोतांड. वरच्या जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या खिडकीतून पुठ्ठा घालून पुसले, गॅप २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) केला. फरक शून्य. घाण झालेला पॉइंट काय निवल्यावर आपोआप चांगला होतोय का? माझा संशय ठिणगीचा करंट देणाऱ्या कॉइलवर, नाहीतर पॉइंटच्या जोडीच्या कंडेन्सरवर. दोन्ही तापल्यावर दगा देतात. मीटर लावला तर थंड कॉइल सगळं बरोबर दाखवतीय, लबाड.

आता एकच उपाय. वरची कॉइल खाली, खालची वर. बंद पडायचं खाली सरकलं तर कॉइल. वरच राहिलं तर कंडेन्सर बदलून बघायचे. पण त्यासाठी फ्लायव्हील उतरावं लागतंय, आणि ते ओढून काढायचं पुलर तुझ्याकडं. मामा हातोडा घेऊन तयारच आहे. एक घाव बसला तर क्रँकशाफ्ट वाकेल, म्हणून हातोडा मी लपवलाय. तो म्हणायलाय, भंगारात घाल आणि वल्ही घे. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वाळूजला पाळी बदलली का तुझी? वहिनींना नमस्कार. पोरीला शाळेत घातलं म्हणे, छान.

पुलर जिंतूरच्या गाडीत कंडक्टरजवळ दे, मी स्टँडवरून घेतो. बोल्ट तिन्ही पाठव. मागं दोनच पाठवलेस आणि तिसरा तुझ्या सायकलला सापडला.

तुझा,
बाळ्या