पेठांतील जुने वाडे आधारनिवासासाठी वापरावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या पेठांतील जुने वाडे एकामागून एक पाडले जात आहेत. दुरुस्ती परवडत नाही आणि वारसांचे एकमत होत नाही, ही मालकांची अडचण खरी आहे. तथापि जे वाडे आणि संस्थांच्या ज्या दगडी इमारती अद्याप धड आहेत, त्यांपैकी काहींमध्ये एकाकी वृद्ध, मानसिक आजारातून बऱ्या झालेल्या व्यक्ती आणि अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृह सोडावे लागणारी मुले यांच्यासाठी आधारनिवास सुरू करावेत, अशी माझी सूचना आहे. प्रत्येकाला स्वतःची खोली, तिला स्वतःचे कुलूप आणि हाकेच्या अंतरावर एक प्रशिक्षित काळजीवाहक, एवढीच ही व्यवस्था असते.

या शहराला ही कल्पना परकी वाटू नये. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग 1901 मध्ये, मुस्लिम बोर्डिंग 1906 मध्ये आणि मिस क्लार्क बोर्डिंग 1908 मध्ये सुरू झाले, ते राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे. लंडनमधील चार्टरहाउस हा मूळचा मठ 1611 पासून गरजू वृद्धांचे निवासस्थान आहे आणि आजही तेथे वृद्ध राहतात.

वाड्याची रचना या कामाला विलक्षण सोयीची आहे. खोल्या चौकाभोवती असल्याने सोप्यात बसलेल्या काळजीवाहकाला कोण उठले, कोणाचे दार अजून उघडले नाही, हे न विचारता कळते. अडचणीही आहेत. उंच उंबरे, शिडीसारखा उभा अंधारा जिना आणि परसातले शौचालय वृद्धांना झेपणारे नाही. म्हणून त्यांना तळमजला, तरुणांना माडी आणि न्हाणीघर व शौचालय आत, असे बदल करावेच लागतील. दुरुस्तीही जाणकाराकडून व्हावी. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आत शिरलेली ओल कोंडते आणि तुळयांची टोके कुजू लागतात. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि जुन्या लाकडाला सांधा देणारे सुतार यांना यातून काम मिळेल, हा लाभ लहान नाही.

गल्लीलाही फायदा आहे. बंद वाड्यात उंदीर, कचरा आणि रात्रीचे अड्डे वाढतात; वस्तीचा वाडा किराणा, दूध, डबे यांची रोजची गिऱ्हाइकी देतो. मंडई, देऊळ आणि सीपीआर रुग्णालय जवळ असल्याने रहिवाशांनाही कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. ‘आमच्याच गल्लीत असली माणसे कशाला’ हा प्रश्न येणारच. मनोरुग्णालयांतून बरे होऊनही घरचे नेत नाहीत म्हणून तेथेच राहणारी माणसे आपल्यांतलीच आहेत, आणि तालीम मंडळांनी पुढाकार घेतला तर हा विरोध मावळेल, असे मला वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 अशा व्यक्तींचा समाजात राहण्याचा हक्क मान्य करतो आणि त्यासाठी आधारयुक्त निवासाची तरतूद करण्यास शासनाला सांगतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातही निराधार वृद्धांच्या निवासाची तरतूद आहे.

जागा निवडताना 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी आलेल्या इमारती वगळाव्यात. ज्यांना उचलून बाहेर काढावे लागेल, अशांना पूररेषेत ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा ठरेल.

खरी अडचण मुदतीची आहे. सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, आणि तीन वर्षांच्या भरवशावर कोणतीही संस्था जुन्या वास्तूच्या दुरुस्तीत पैसा घालणार नाही. म्हणून महापालिकेने प्रथम वापरात नसलेल्या जुन्या इमारतींची यादी करावी, आणि ज्या न्यासांची तयारी आहे त्यांचे दीर्घ मुदतीचे प्रस्ताव जिल्हा प्रशासनाने एकत्रितपणे धर्मादाय आयुक्तांपुढे ठेवावेत.

आपला,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर