ठसे पक्के, पण त्यांतून कळते काय?

महोदय,

दहावीचा निकाल लागला की बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि कल सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’च्या जाहिराती झळकू लागतात. विकणाऱ्यांचा हुकमी मुद्दा एकच असतो: प्रश्नावलीत मूल मनात येईल तिथे टिक करते, ठसे मात्र जन्मभर बदलत नाहीत. मुद्दा खरा आहे. गर्भाच्या पाचव्या महिन्यापर्यंत ठसे पक्के होतात. म्हणून या चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येणे, उत्तमच असणार. प्रश्न सप्रमाणतेचा (काही पुस्तकांत ‘वैधता’) आहे. जे मोजतो म्हणता, तेच मोजले जाते का?

बुटाचा नंबरही दहादा मोजला तरी तोच येतो. त्यावरून गणित कळत नाही. (गंमत म्हणजे पहिली ते दहावीची मुले एकत्र घेतली तर बूट आणि गणित यांचा सहसंबंध चांगला वर जातो, कारण दोन्ही वयाबरोबर वाढतात. तेव्हा सहसंबंधाचा आकडा दाखवला, तर तो कुणावर काढला हेही विचारावे.)

ठशांची चाचणी तपासणे अवघड नाही. नववीच्या दोन-तीनशे मुलांचे अहवाल काढून सीलबंद ठेवायचे. मुलांना, पालकांना, शिक्षकांना दाखवायचे नाहीत. दोन वर्षांनी गुण आणि शिक्षकांचे मूल्यांकन यांच्याशी ताडून पाहायचे. सील महत्त्वाचे, कारण अहवालात ‘संगीत’ वाचून पालकांनी पेटीचा क्लास लावला, तर मूल पेटी वाजवणारच आणि अहवाल खरा ठरल्यासारखा दिसणार. अशा पडताळणीऐवजी दाखवले जातात ते ‘अगदी आमचाच मुलगा!’ म्हणणारे पालक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर वाटला होता; तो किती जुळतो याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी सुमारे ४.३ गुण दिले. पालकांनी घरीच करून पाहावे: चार मुलांचे अहवाल घ्या, नावे झाका आणि आपल्या मुलाचा ओळखा.

इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले आहे.

कागदावरच्या चाचण्याही डोळे झाकून घेऊ नयेत. मॅन्युअल, म्हणजे चाचणीची माहितीपुस्तिका, मागावे. पुनर्चाचणी किती दिवसांनी घेतली ते पाहावे: दोन दिवसांनी घेतली तर मुलांना आधीची उत्तरे आठवतात, वर्षाने घेतली तर मूलच बदललेले असते, दोन ते चार आठवडे बरे. ‘अल्फा ०.९५’ (अल्फा म्हणजे चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, जास्तीत जास्त १) पाहून हुरळू नये. एकच प्रश्न शब्द फिरवून आठदा विचारला तरी अल्फा चढतो. बुद्ध्यांकाच्या चाचणीची विश्वसनीयता ०.९० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १५ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एकाच मुलाचे गुण नुसत्या मोजण्यामुळे साधारण किती पुढेमागे होतात ते, पावणेपाचच्या आसपास येते. म्हणजे एका भावाला १०४ आणि दुसऱ्याला ९९ मिळाले, तर हुशार कोण हे त्यावरून ठरत नाही.

आणि मराठी भाषांतर नीट वाचावे. ‘मला गर्दीत जायला आवडत नाही असे क्वचितच होते’ असे विधान ‘सहमत/असहमत’ या चौकटींसमोर ठेवले, तर गर्दी आवडणारा आणि न आवडणारा दोघेही एकाच चौकटीत खूण करून मोकळे होतात.

– मानसशास्त्राचे एक अध्यापक, नाशिक