आयपॉड आज रात्री जोडू नकोस

प्रिय बाळा,

मगाशी फोनवर तू म्हणालास ना, "आज रात्री आयपॉड लॅपटॉपला जोडून बघतो, होऊन जाईल", त्याचीच मला धास्ती बसलीय, म्हणून हा मेल लगेच टाइप करतेय. आज रात्री जोडू नकोस. आधी हे सगळं नीट वाच, मग काय ते कर.

घरचा कॉम्प्युटर गेलाय हे तुला कळलंच आहे. आधी नुसता घरघर आवाज, मग टक टक, आणि मग काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस नाही म्हणून मेसेज. विश्रामबागला दुकानात नेला, तो मुलगा चांगला होता, म्हणाला काकू हार्ड डिस्कचं हेड गेलंय, पुण्याला पाठवता येईल पण खर्च बराच आहे आणि निघेलच याची गॅरंटी कोणी देणार नाही. बाबा तिथे काही बोलले नाहीत, घरी येऊन गच्चीवर जाऊन बसले. अण्णा आजोबांनी टेप केलेल्या कॅसेट तर २०१९ च्या ऑगस्टातच गेल्या होत्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागात कोणाचं काय राहिलं? ट्रंक उघडली तर आत नुसता चिखल आणि त्यात गुंतलेल्या तपकिरी फिती. तेव्हा मी बाबांना म्हटलं होतं, असू द्या, वर कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे. आता तोही नाही. म्हणजे अण्णांनी टेप केलेलं जे काही या जगात उरलंय ते तुझ्या त्या आयपॉडमध्ये आहे, आणि तू येत्या रविवारी म्युनिकला चाललायस.

तू म्हणालास, "आई, सगळं स्पॉटिफायवर मिळतं, कशाला त्या जुन्या डब्याच्या मागे लागता?" मी फोन ठेवला कारण बाबा समोर बसले होते. रागावले नव्हते रे. पण सगळं मिळत नाही तिथे. सिनेमातली गाणी मिळतील, भावगीतं मिळतील, ती गेली तरी मला काही वाटणार नाही. मिरजेच्या दर्ग्यातलं गाणं कुठून मिळणार? किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच आहे, आणि दरवर्षी उरुसाला त्यांच्या आठवणीत गवई येऊन हजेरी लावतात, तिकीट नाही की काही नाही, रात्रभर गाणं. अण्णा सांगलीहून सायकलवर टेपरेकॉर्डर बांधून जायचे, पहाटे यायचे आणि आंघोळ करून तसेच ड्यूटीवर. त्यातले कितीतरी गाणारे पुढे कुठे दिसले नाहीत, त्यांची रेकॉर्ड कोणी काढली नाही. सतार करणारे, तंबोरे जुळवणारे लोक समोर बसलेले असायचे, त्यांची दाद पण त्या टेपमध्ये ऐकू येते. ते कुठल्या कंपनीकडे असणार?

आणि तुझ्या आजीच्या, माईंच्या ओव्या. त्याच्याबद्दल मी फोनवर बोलू शकले नाही.

आता कामाचं. नीट ऐक. तुझ्या लॅपटॉपवर फोनच्या बॅकअपसाठी आयट्यून्स, तो ॲपलचा प्रोग्राम, टाकलेला आहे असं तूच म्हणालास, आणि भीती त्याचीच आहे. आयपॉड हा आपल्या घरच्या कॉम्प्युटरच्या लायब्ररीशी जोडलेला होता. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की आयट्यून्स विचारतं, हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी सिंक केलेला आहे, पुसून या लायब्ररीशी सिंक करू का? तिथे 'इरेज अँड सिंक' असं बटण असतं. ते दाबलं की तुझ्या लॅपटॉपमधली रिकामी लायब्ररी आयपॉडवर जाणार आणि आतलं सगळं पुसणार. सिंक या शब्दावरून वाटतं दोन्हीकडचं सारखं होईल, इकडचं तिकडे तिकडचं इकडे. तसं नाहीये. गाणी कॉम्प्युटरवरून आयपॉडवर जातात, उलटी येत नाहीत. २००१ मध्ये पहिला आयपॉड आला तेव्हापासूनच असं आहे, कारण रेकॉर्ड कंपन्यांना चोरीची भीती होती. नवीन आयपॉडवर 'गाणी चोरू नका' असं स्टिकरच लावलेलं असायचं. स्वतः भरलेली गाणीसुद्धा स्वतःला परत काढून घ्यायला त्यांनी साधं बटण दिलं नाही, याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आज तर फारच येतोय.

म्हणून तुझा लॅपटॉप नको. ऑफिसचा तर नकोच, त्याचे यूएसबी बंद असतात आणि उगाच आयटीवाले विचारत बसतील. तुझ्या रूममेटचा तो जुना विंडोजचा लॅपटॉप माग, ज्यात ॲपलचं काहीही टाकलेलं नाही. त्याला लावलास की आयपॉड साध्या पेनड्राइव्हसारखा दिसेल, आपण विंडोजवरच सेट केला होता ना. उघडल्यावर आत काहीच नाही असं वाटेल, घाबरू नकोस. गाण्यांचं फोल्डर लपवलेलं असतं. व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' वर टिक कर, मग 'आयपॉड कंट्रोल' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात 'म्युझिक', आणि त्यात एफ झीरो झीरो, एफ झीरो वन अशी ओळीने फोल्डर्स. गाणी सगळी त्यांच्यात विखरून टाकलेली असतात आणि नावं पण बदललेली, चार चार अक्षरांची, ज्यांचा काही अर्थ लागत नाही. ते बघून तू म्हणशील की आई हे सगळं करप्ट झालंय. झालेलं नाही. ते अख्खं 'म्युझिक' फोल्डर उचलायचं आणि कॉपी करायचं. कट नाही, कॉपी. आयपॉडवरून काही म्हणजे काही हलवायचं किंवा डिलीट करायचं नाही.

नावं परत मिळतात. तू बारावीला होतास तेव्हा मी रोज रात्री त्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचे, टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, आणि नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे नव्वदच मिनिटं लागणार, ती काही पळवता येत नाही. तेव्हाचं लोडशेडिंग तुला आठवत असेल, अर्धी बाजू झाली की लाइट जायची, परत पहिल्यापासून. आणि प्रत्येक फाइलला मी आतमध्ये टॅग भरला होता, कोण गातंय, कुठला राग, मिरज उरूस, कुठलं साल, अण्णांना विचारून विचारून. तो टॅग फाइलच्या पोटात असतो, बाहेरचं नाव बदललं तरी तो तसाच राहतो. 'एमपीथ्रीटॅग' म्हणून फुकट प्रोग्राम आहे, त्याने टॅगवरून सगळ्यांची नावं एकदम परत करता येतात. प्लेलिस्ट मात्र अशा कॉपीत येणार नाहीत, त्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात. त्या गेल्या तरी चालतील.

तुझा आयपॉड 'क्लासिक' मॉडेलचा आहे, त्यात खरीखुरी फिरणारी हार्ड डिस्क आहे, तुझ्या फोनसारखी चिप नाही. आपल्या कॉम्प्युटरची गेली तशी तीही कधीही जाऊ शकते. एवढी वर्षं झाली तिला. जोडलेला असताना हलवू नकोस, गादीवर ठेवू नकोस, टेबलावर ठेव, कॉपी संपेपर्यंत तिथून उठू नकोस. टक टक आवाज आला तर पुन्हा पुन्हा जोडून बघत बसू नकोस, बंद कर आणि मला फोन कर. चालूच नाही झाला तर आधी वरचं होल्डचं बटण बघ, मग अर्धा तास चार्जिंगला ठेव. तरीही नाही तर मेन्यू आणि मधलं बटण दोन्ही दाबून धर, ॲपलचं चिन्ह आलं की लगेच मधलं आणि प्लेचं धर, डिस्क मोड येतो, म्हणजे तो नुसत्या डिस्कसारखा जोडता येतो. आणि समज रूममेटचा लॅपटॉप मिळालाच नाही आणि तुझाच वापरावा लागला, तर जोडताना कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरायचं म्हणजे आपोआप सिंक होत नाही, आणि काहीही विचारलं तरी कॅन्सल. वाचायचं, आणि कॅन्सल.

वाचत नाहीस तू, ओके दाबतोस. लहानपणापासून तेच. पेपरात प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहायचास, गणितात येत असून मार्क जायचे. त्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट पण न वाचता सही केलीस आणि डिपॉझिटचं काय झालं ते बघितलं आपण. तिकडे सगळी कागदपत्रं जर्मनमध्ये असणार, तिथे कोणी काही पुढे केलं की सही करून मोकळा होणार तू, आणि रात्री दोन दोनपर्यंत जागायचं, सकाळी नुसत्या कॉफीवर निघायचं, शरीर काय लोखंडाचं आहे का?

बघ, परत सुरू झालं माझं. सॉरी. एवढी वर्षं शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवला त्याचा परिणाम, समोर कोणी असलं की सूचना द्यायला लागते. तुला तिथल्या कंपनीने तुझं काम बघून बोलावलंय, कोणाच्या ओळखीने नाही, हे मी शिरोळच्या आत्यांना, खालच्या देशपांडे काकूंना, भाजीवाल्या मावशींनासुद्धा सांगून झालंय. बाबा कोणाला सांगत नाहीत पण म्युनिकचं हवामान रोज सकाळी फोनवर बघतात आणि मला वाचून दाखवतात.

तर ओव्या. अण्णांनी ती कॅसेट स्वयंपाकघरात केली होती, माईंना सांगितलंच नव्हतं टेप चालू आहे म्हणून, नाहीतर त्या गायल्याच नसत्या. तू चारेक वर्षांचा असशील. माई शेंगा फोडत गातायत, फोलपटांचा आवाज येतो सारखा मधे मधे. एका ओवीत त्यांनी तुझ्या आजोळचं गाव घातलंय, बांधावरची बाभळ घातलीय, ते त्यांनी तिथल्या तिथे जुळवलेलं, कुठल्या पुस्तकात नाही. मग अर्ध्यावर थांबतात आणि म्हणतात, अरे दूध बघ, उतू जाईल, आणि तू म्हणतोस, मी बघतोय आजी, अजून झोपलंय ते. दूध झोपलंय म्हणालास. माई हसल्यात त्याच्यावर, खूप वेळ हसल्यात, आणि पुढची ओवी तशीच हसत हसत म्हटलीय. अण्णा गेल्यावर ती फाइल बाबा रात्री लावायचे. हल्ली हल्ली लावत नव्हते, पण आहे हे माहीत होतं ना. आता नाहीये म्हटल्यावर परवापासून तीनदा मला विचारलं, त्याच्याकडे ती ओव्यांची पण आहे ना गं? मी म्हटलं आहे. तू फक्त बघून सांग की आहे. आत्ता जोडू नकोस, आयपॉडच्याच स्क्रीनवर बघ, आर्टिस्टमध्ये 'माई' म्हणून टाकलंय. तेवढं बघायला कॉम्प्युटर लागत नाही.

कॉपी झाली की लगेच झालं म्हणायचं नाही. पाच-सहा फाइल्स मधूनमधून लावून ऐक, सुरुवातीला नाही तर मधे नेऊन, शेवटाला नेऊन. मग त्याची अजून एक कॉपी. एक ताईकडे राहील, एक इथे, एक तुझ्याबरोबर. आयपॉड मात्र घरी परत दे, तो आता कुठेच मिळणार नाही, क्लासिक २०१४ लाच बंद झाला आणि २०२२ मध्ये तर कंपनीने शेवटचा आयपॉडही बंद केला. सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकून जर्मनीला नेऊ नकोस, त्या बॅगा कशा आपटतात बघितल्यायत मी.

बाबा गुरुवारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघतायत, शुक्रवारी सकाळी बंगळूरला. रिकामी हार्ड डिस्क आणि ती रुंद पिनेची केबल दोन्ही त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत दिलीय, तुझ्याकडची केबल तुटकी आहे हे मला दिवाळीतच दिसलं होतं. त्यांच्यासमोर बसून कर, त्यांना यातलं काही कळत नाही पण ते बसले की तुझा हात जरा सावकाश चालतो. ते आहेत तोवर रोज रात्री जेवण झालं की बीपीच्या गोळीची आठवण कर, निळ्या डबीत आहे, बाहेरगावी गेले की हमखास विसरतात.

तुझी
आई